देवकाचं प्रॅक्टिकल

मी लोणावळ्याच्या एका ज्युनिअर कॉलेजात बायॉलॉजी शिकवते, आणि दरवर्षी जीवाश्मांचा धडा आला की माझी पंचाईत होते. कारण आमच्याकडे जीवाश्मच नाहीत. सगळा मावळ लाव्हाचा. उकळत्या दगडात पाय रोवून स्वतःचा ठसा कोण ठेवणार? त्या वेळी जे कोणी इथं चरत असेल त्याचं भरीत झालं असणार. दुसऱ्या जिल्ह्यांतल्या मास्तरांना म्हणे शंख सापडतात, पानांचे ठसे सापडतात. आम्हाला सापडते गारगोटी. पोरं ती मोठ्या आशेने घेऊन येतात. "मॅडम, डायनोसॉरचं अंडं!" मी ती दोन्ही हातांत घेते, कानाला लावते, डोळे मिटते. वर्ग श्वास रोखून बसतो. मग मी डोळे उघडून जाहीर करते, "अभिनंदन. दगड आहे."

पण पुढच्यांची अशी उपासमार होऊ नये म्हणून आपण आत्ताच सोय करून ठेवली आहे, हेही मी पोरांना सांगते. कोट्यवधी वर्षांनी कुणी भुशीच्या धरणाशी खणलं तर चावून टाकलेल्या मक्याच्या कणसांचा जाड थर लागेल, आणि त्यात अधूनमधून एकेकटी चप्पल. त्या काळचे शास्त्रज्ञ लिहून ठेवतील की इथं एका पायाचा, मका खाणारा प्राणी राहत होता आणि तो फक्त पावसाळ्यातल्या रविवारी बाहेर पडत असे.

उत्क्रांतीचा बाकीचा भाग मी स्वतःच्या अंगावर शिकवते. मला कान हलवता येतात. दोन्ही, हवा तर एकेक. एकेकाळी कामाचे असलेले, आता नुसते मागे राहून गेलेले अवयव शिकवताना मी चष्मा काढते, केस मागे घेते आणि कान हलवते. मागच्या बाकावरची झोपलेली मंडळीसुद्धा उठून बसतात. प्राचार्यांनी एकदा दारातून हे पाहिलं आणि न बोलता निघून गेले. ते बहुधा अजून विचार करताहेत.

नाती समजावायला मात्र मला मावळात अजिबात कष्ट पडत नाहीत. "माकड आपला आजोबा नाही, लांबचा चुलत भाऊ. आजोबा दोघांचा एकच होता, तो कधीच वारला." अर्ध्या गावाचं आडनाव एक असलेल्या पोरांना हे एका फटक्यात कळतं. एका खोडाला फांद्या फुटतात, फांद्यांना फांद्या फुटतात, आणि शेवटी बांधावरून भांडणारे दोघं एकाच पणजोबाचे निघतात. ही त्यांची घरचीच गोष्ट आहे.

तर अशा मला गेल्या कार्तिकात माझ्या थोरल्या बहिणीचा तळेगावहून फोन आला.

"मोडलं गं," ताई म्हणाली.

"काय मोडलं? हात?"

"लग्न. देवक एक निघालं."

माझी भाची, ताईची एकुलती मुलगी, तळेगावच्या एका हॉस्पिटलात नर्स आहे. मुलगा तिथल्याच एका कारखान्यात सुपरवायझर, घर कामशेतजवळच्या वडिवळ्याला, भातशेती. दोघांनी एकमेकांना आधीच पसंत केलं होतं आणि मग आपापल्या घरच्यांना असं पटवलं की हे स्थळ घरच्यांनीच शोधलं आहे. या कामगिरीबद्दल मला त्या दोघांचा फार आदर वाटतो. जात जुळली, पत्रिका जुळली, माणसं जुळली. बैठकीत सुपारी फोडायची वेळ आली आणि वडिवळ्याच्या आजोबांनी सहज विचारलं, "देवक कंचं तुमचं?"

"कळंब."

"आमचं बी कळंबच की," आजोबा म्हणाले, आणि अडकित्ता खाली ठेवला.

आमच्याकडे लग्नाआधी मांडवात देवक बसवतात, त्यात घराण्याच्या झाडाचा पाला बांधतात. प्रत्येक घराण्याचं झाड ठरलेलं. झाड एक म्हणजे मूळ एक, म्हणजे मुलगा-मुलगी भाऊ-बहीण, म्हणजे लग्न नाही. माझ्या लग्नात कुणी देवक विचारल्याचं मला आठवत नाही. मुलीला कायमची नोकरी आहे हे कळल्यावर सासरच्यांना माझं देवक निवडुंग असतं तरी चाललं असतं. देवकाचं अपेंडिक्ससारखं आहे. वर्षानुवर्षं पोटात गप्प पडून असतं, काम काही नाही, पण एकदा सुजलं की माणूस आडवा.

त्याच संध्याकाळी भाची लोणावळ्याला माझ्याकडे आली. पर्ससुद्धा खाली न ठेवता म्हणाली, "मावशी, रजिस्टर लग्न करू आम्ही. कुणाच्या बापाला अडवता येणार नाही."

"मग अडलंय कुठं?"

"माझ्याच बापापाशी," ती म्हणाली आणि खाली बसली. "आत्या नाही म्हणाल्यात. बाबा आत्यांच्या शब्दाबाहेर जाणार नाहीत. लग्न होईल गं माझं. पण बाबा येणार नाहीत त्याला. मला बाबांशिवाय नको."

ते खरंच होतं. तिचे वडील, म्हणजे माझे दाजी, अत्यंत गोड आणि जवळजवळ मुके गृहस्थ आहेत. त्यांच्या थोरल्या बहिणीचं लग्न झालं आणि फार वर्षं जायच्या आत नवरा गेला. ती माहेरी परत आली, लोकांच्या घरी शिवण शिवून तिने धाकट्या भावाला शिकवलं, नोकरीला लागेपर्यंत सांभाळलं. तीच ही आत्या, अजून त्यांच्याकडेच राहते. दाजी तिला अक्का म्हणतात आणि तिच्यापुढे तोवर त्यांनी एकदाही 'पण' हा शब्द वापरलेला नव्हता.

मी भाचीला विचारलं, "पाला बघितला का कुणी?"

"कसला पाला?"

"दोघांचा. तुमच्याकडे कळंब म्हणून जे बांधतात ते आणि त्यांच्याकडे कळंब म्हणून जे बांधतात ते. शेजारी ठेवून बघितलं?"

नव्हतं बघितलं. नुसत्या नावावर लग्न मोडलं होतं. नमुना न बघता उत्तर लिहिणाऱ्या पोरांचे मी मार्क कापते. मी ताबडतोब ताईला फोन लावला आणि माझा ठेवणीतला परीक्षकी आवाज काढला. "रविवारी पुन्हा बैठक घे. दोन्ही घरांनी आपापल्या देवकाची फांदी आणायची. पान, फळ, सगळं. येताना तोडलेली, ताजी."

"अगं, हे काय तुझं प्रॅक्टिकल आहे का?" ताई ओरडली.

होतंच.

रविवारी ताईच्या हॉलच्या मधोमध टीपॉय ठेवलं, त्यावर मी पांढरी चादर घातली. चादरीची काही गरज नव्हती, पण वातावरणनिर्मिती म्हणून काही असतं. वडिवळ्याहून मुलगा, त्याचे आईवडील आणि आजोबा आले. सगळे त्यांना आबा म्हणत होते म्हणून मीही म्हणू लागले. आबांनी खताच्या पोत्यात भरून फांदी आणली होती. आत्यांनी आपली फांदी ओल्या फडक्यात गुंडाळली होती आणि वर हळदकुंकू वाहिलं होतं. दाजी कोपऱ्यातल्या खुर्चीत बसले होते, नेहमीसारखे, पंख्याकडे बघत. भाची दाराला टेकून उभी.

"बगा बाई, लवकर आटपा," आबा म्हणाले. "भात झोडायचं ऱ्हायलंय."

मी दोन्ही फांद्या चादरीवर मांडल्या आणि माझं काळीज थुईथुई नाचू लागलं. आबांच्या फांदीचं पान तळहाताएवढं. आत्यांच्या फांदीचं पान जवळजवळ ताटाएवढं, लांबोडकं, चकचकीत.

"मंडळी," मी उभी राहिले, कारण हे बसून सांगण्यासारखं नव्हतं. "ह्या पानावर प्रसाद देता येईल आणि ह्या पानावर पंगत वाढता येईल. ही दोन वेगळी झाडं आहेत. आबांचा हा रानातला कळंब. आणि आत्यांचा हा कदंब, जो हल्ली लोक रस्त्याकडेला, बागेत लावतात. जात वेगळी, तिच्या वरची पायरीही वेगळी. नाव सारखं पडलंय, कारण लोक आळशी आहेत."

मुलाच्या आईने टाळी वाजवायला हात उचलले आणि सासऱ्याकडे बघून खाली घेतले. भाचीच्या चेहऱ्यावर रंग आला. मी वाकून अभिवादन करणार एवढ्यात आबा म्हणाले, "थांबा."

त्यांनी एका हातात कळंबाचं वाळकं फळ घेतलं, गोटीएवढं. दुसऱ्या हातात कदंबाचं, लाडवाएवढं. दोन्ही गोल, दोन्ही अंगभर बारीक दाण्यांनी भरलेली.

"पानं सोडा बाई. ही फळं बगा. ह्यो ल्हाना, ह्यो थोरला. एका आईची लेकरं हायती का न्हाई? खरं सांगायचं. तुमी शिकिवनाऱ्या हाय."

हा शेवटचा घाव वर्मी बसला. 'नाही' म्हटलं की लग्न जुळत होतं. भाची माझ्याकडे अशी बघत होती की एखाद्या दगडाचंही अंडं झालं असतं. पण त्या दोन्ही फांद्यांच्या शेंड्यांना समोरासमोर पानांची जोडी होती आणि दोन देठांच्या मधे कोंब झाकणारी तीच ती इवली पानं होती, जी मी वर्गात बोट ठेवून दाखवते आणि म्हणते, घराण्याची खूण.

"एका आईची नाहीत," मी म्हणाले. "पण एका खापर-खापर-खापरपणजीची आहेत."

"म्हणजे नातं आहे," आत्या म्हणाल्या. त्या कॉफीचा कप घेऊन बसल्या होत्या. चहाने त्यांना पित्त होतं.

"आहे."

"झालं तर मग. उठा."

"आत्या, नातं म्हणाल तर ते तुमच्या कपातही आहे."

"म्हणजे?"

"कॉफीचं झाड ह्याच घराण्यातलं. अशीच समोरासमोर पानं, अशीच ही मधली खूण. देवकाला कुऱ्हाड लावायची नाही, जाळायचं नाही, तोंडात घालायचं नाही, असंच ना? तुम्ही देवक भाजून, दळून, दुधात उकळून दिवसातनं तीनदा पिता. वर साखर."

आत्यांनी कपात पाल पोहताना दिसावी तसा तो कप लांब ठेवला. ताईने तोंडाला पदर लावला. आबा इतके हसले की त्यांना ठसका लागला आणि नातवाने पाणी दिलं.

"आन् आमचा च्या वो, बाई?" ठसका आवरून त्यांनी काळजीने विचारलं.

"चहा दुसऱ्या घराण्यातला. तुम्ही खुशाल प्या."

"बरं झालं! न्हाईतर म्हातारपनी काय प्यायचं?"

मी संधी सोडली नाही. "आबा, मागं मागं जात राहिलं तर सगळ्यांचं सगळ्यांशी नातं लागतं. हरभरासुद्धा भाऊ होतो, मग पिठलं खायची चोरी. नातं कुठंतरी तोडावं लागतं. ही दोन झाडं फुटून वेगळी झाली तेव्हा माणूस नावाचा प्राणीच नव्हता. देवक कोण विचारणार होतं?"

"व्हय, ते बी खरं हाय," आबा म्हणाले. मला वाटलं, जिंकले.

तेवढ्यात आत्या बोलल्या. आवाज वेगळाच होता, त्यात भांडण नव्हतं.

"आता माझं ऐका. आम्ही मूळचे आंदर मावळातले. तिथं होतो तोवर देवक रानातून यायचं. आजीबरोबर मी स्वतः गेलेय आणायला. ते झाड हे." त्यांनी आबांच्या लहान पानाच्या फांदीवर बोट ठेवलं. "पुढं आम्ही तळेगावला आलो. माझ्या लग्नात काका पाला आणायला गेले, तर इथं रान कुठलं? रस्त्याकडेला हे मोठ्या पानाचं दिसलं. फळ गोल बघितलं आणि तोडून आणलं. मी म्हटलं, काका, पान मोठं आहे. ते म्हणाले, चांगल्या मातीचं असेल. तेच बांधलं. तेव्हापासून आमच्यात हेच बांधतात."

त्यांनी आपली मोठ्या पानाची फांदी बाजूला सारली.

"खोटं देवक बांधून माझं लग्न लागलं," आत्या म्हणाल्या. "पुढं माझं काय झालं ते सगळ्यांनी बघितलंय. आता ह्या पोरीचं जाणूनबुजून तसंच करू? आमचं खरं देवक आणि ह्यांचं देवक एकच आहे. एकाच पानाचं."

मी हातातली फांदी खाली ठेवली. नुसत्या दिसण्यावरून वर्ग पाडू नका, वंश बघा, कोण कुठून आलं ते बघा, हे फळ्यावर खडू आपटून मीच शिकवते. आत्यांनी अगदी तेवढंच केलं होतं. त्यांचा पुरावा माझ्यापेक्षा बळकट होता. कान हलवून सुटण्यासारखी ही जागा नव्हती. भाचीने दाराची कडी घट्ट धरली होती, आणि ती माझ्याकडे नाही, कोपऱ्यातल्या खुर्चीकडे बघत होती. खुर्चीतले दाजी मात्र अजून पंख्याकडेच बघत होते.

आबांनी दोन्ही फळं चादरीवर ठेवली.

"एक इचारू का वो, बाई?" ते आत्यांना म्हणाले. "तुमची ती आजी गेली, तवा आमाला सांगावा आल्ता का?"

"तुम्हाला? कसा येईल? ओळख कुठं होती?"

"आमी सुतक पाळलं? आमच्यातल्या कुनी दहाव्याला डोई केली?"

"नाही."

"आन् आमच्यात माझा भाऊ गेला, तवा तुमी हितं गोडधोड खाल्लं आसंल. सन आला आसंल तर सन केला आसंल."

"केला असेल. आम्हाला काय माहीत?"

"मग कसली वो भावकी? कुनी मेलं तर ज्याच्या चुलीव कढई चढत न्हाई, ती भावकी. आमच्या गावात हाय तशी. तोंड बगत न्हाईत एकमेकाचं, बांध कोरत्यात, पर मेलं की पयले तेच येत्यात." त्यांनी माझ्याकडे मान हलवली. "एक आसंल कवाकाळी आपलं. ही झाडं बी एकच व्हती, ह्या बाईंनीच सांगितलं. फुटली. झाडं फुटत्यात आन् मानसं फुटत न्हाईत व्हय? तुमी रान सोडलं, गाव सोडलं, पाला सोडला. आजून किती फुटायचं ऱ्हायलंय?"

मला तिथल्या तिथे त्यांना मार्क द्यावेसे वाटले.

आत्यांनी मात्र मान हलवली. "देवक सुतकापेक्षा जुनं असतं, आबा. तुम्ही मोठे आहात, पण मी हो म्हणणार नाही. एकदा चुकलंय आमच्या घरात."

आबांनी हात जोडले. मुलगी आत्यांच्या घरची, शब्दही त्यांचाच. मुलाचे वडील चपला शोधायला दाराकडे बघू लागले. ताई आत रडायला निघाली. खताच्या पोत्याची घडी होऊ लागली.

"अक्का," दाजी म्हणाले.

सगळे वळले. आबांना तर वाटलं की कुणी नवीन पाहुणा आला.

दाजी उभे राहिले नाहीत. खुर्चीतच पुढे सरकले, हात गुडघ्यांवर. "भावोजी तापाने गेले, अक्का."

आत्यांनी मान वर केली.

"मी लहान होतो, तरी मला आठवतंय. डॉक्टर उशिरा आला. पाऊस होता, रस्ता बंद होता. पाला मोठा होता की लहान होता, त्याने काही झालं नाही. तू इतकी वर्षं ते मनात धरून बसलीयस हे मला माहीत नव्हतं. मला विचारायचं होतंस."

"तुला काय विचारणार? तू पोर होतास."

"आता नाहीये," दाजी म्हणाले. मग त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा तो शब्द वापरला. "तू म्हणशील ते मी ऐकलं आजवर. पण हे नाही ऐकणार. मुलीच्या लग्नात मी उभा राहणार आहे. तू शेजारी असलीस तर बरं वाटेल मला." त्यांनी घसा साफ केला. एवढं बोलायची सवय नव्हती. "सुपारी आण, अक्का."

भाचीने कडी सोडली आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मी तिच्या होणाऱ्या नवऱ्याला डोळ्यांनी दटावलं की आत्ता काही शहाणपणाचं बोलू नकोस, आणि तो शहाणा, बोलला नाही.

आत्या भावाकडे बघत राहिल्या. मग पदराने डोळ्यांच्या कडा पुसल्या आणि त्यांचा नेहमीचा आवाज परत आला.

"सुपारी आण म्हणे! कुठल्या डब्यात असते ते तरी माहीत आहे का तुला?"

"नाही," दाजी म्हणाले.

त्या उठल्या, गुडघ्यावर हात देत, आणि आत गेल्या. आतून डब्यांची झाकणं उघडल्याचे, पुन्हा लावल्याचे आवाज येऊ लागले. एक डबा, मग दुसरा, मग काहीच नाही. दाजींनी थोडं ऐकलं, आमच्याकडे बघून ओशाळून हसले, आणि उठून त्यांच्या मागोमाग स्वयंपाकघरात गेले.